विहिरीतले पाव्हणे

ज्वारी उपटायला आली की मला शिंका सुरू होतात. डॉक्टर म्हणतात, धुळीची ॲलर्जी आहे, शेताकडं जाऊ नका. मला त्या डॉक्टरांचाच संशय येतो, कारण दर सुगीला ते तेच औषध नव्या नावानं लिहून देतात. तरी मी जाते. रविवार आला की कळंबच्या स्टँडवरून सकाळची एसटी धरायची, फाट्यावर उतरायचं आणि पायवाटेनं शेत गाठायचं. वाटेत हरभऱ्याच्या पानांवरची आंब पायाला लागते, करडईचे काटे साडी ओढतात. उपटलेल्या ज्वारीच्या मुळांना चिकटलेली काळी माती ऊन लागलं की फुटून गळते, तिचा एक कोरडा, गोडसर वास सगळ्या शिवारात भरून असतो. बांधावरच्या पळसाला फुलं आलेली असतात. यंदाही आली आहेत.

माळावर आता पवनचक्क्या फिरतात. त्यांची पाती खाली येताना एक घुमारा येतो, मग दुसरा, मग तिसरा. पहिल्या दिवशी वाटलं होतं, हा आवाज जन्मात सवयीचा होणार नाही. आता वारा पडला आणि त्या थांबल्या तरच माणसं मान वर करून बघतात, काय बिघडलं म्हणून.

माझा स्वभाव आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. मी संशयी आहे. दुकानदार हसून बोलायला लागला की मी काट्याकडं बघते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आणि वर्ग अगदी शांत बसला की मी आधी दप्तरं तपासते. आमचे हे म्हणतात, तुला देव जरी भेटला तरी तू त्याचं आधार कार्ड मागशील. मागीन की. देवाच्या नावावर किती जण फिरतात, मला ठाऊक आहे.

गावाकडचं शेत माझे दीर बघतात आणि त्यांची बायको अर्चना. अर्चना माझी धाकटी जाऊ, मला अक्का म्हणते. आमच्या सासूबाई त्यांच्याकडंच असतात. त्यांना आम्ही दोघी आत्या म्हणतो. माळाच्या अंगाला आमचा वरचा बांध आहे, आणि त्या बांधाला एक जुनी दगडी विहीर. तिचं पाणी कधीच आटलं. बोअर घेतल्यापासून तिच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. आतल्या बांधकामातले दोन-चार दगड निखळले आहेत, मागची माती खचून तिथं बिळासारखं खोल भगदाड पडलं आहे. कडेला एक बाभळ आहे, आणि आत दगडांतून पिंपळ उगवला आहे. त्या भगदाडात ते राहतात.

ते म्हणजे कोण, हे आमच्या गावात कुणी बोलत नाही. रात्री सापाचं नाव काढत नाहीत, लांबडं म्हणतात, तशातला प्रकार. घुबडाला दगड मारला तर ते तो दगड उचलतं, पाण्यावर नेतं आणि उगाळत बसतं. दगड झिजेल तसा मारणारा माणूस झिजत जातो. बोट दाखवायचं नाही. नाव तर मुळीच घ्यायचं नाही, कारण नाव घेतलं की ते घेणाऱ्याला ओळखून ठेवतं. आणि पोटुशी बाईनं नाव घेतलं तर ते तिला सोडून पोटातल्याला ओळखतं. हे मी लग्न होऊन आले त्याच वर्षी आत्यांनी मला सांगितलं होतं, चुलीपुढं बसून, आवाज खाली करून. मी तेव्हा डी.एड. झालेली. मनात म्हटलं, काय ही अडाणी माणसं. पण नाव मात्र मीही कधी तोंडानं घेतलं नाही, इथं लिहितेय तेवढंच. उगाच कशाला, असं म्हणत वर्षं निघून गेली.

आमच्या घरात त्यांना पाव्हणे म्हणतात. दिवस कलला की कुणीतरी सहज विचारतं, पाव्हणे बाहेर आले का? आलेले असतात. विहिरीच्या काठावर दोघं शेजारी शेजारी बसतात, ठेंगणे, गोल डोक्याचे, ठिपक्याठिपक्यांचे. माणूस दिसलं की मान वर-खाली करतात आणि चिर्रर्र करून भांडल्यासारखे ओरडतात. सुगीत उंदरांची चंगळ असते. कडब्याच्या पेंढ्यांच्या बुचाडाखाली उंदीर, खळ्यावर उंदीर. पाव्हण्यांमुळं आमच्या बुचाडाला उंदीर कमी लागतो, हे आत्यांना पक्कं ठाऊक आहे, पण त्याबद्दल त्यांचं कौतुक करायचं तर नाव घ्यावं लागतं. म्हणून कौतुकही नाही आणि तक्रारही नाही. पिढ्यान् पिढ्या त्या विहिरीत कुणी दगड टाकला नाही, कुणा पोरानं काठी घालून ढोसलं नाही. त्या भीतीनं त्यांना जेवढं राखलं तेवढं कुणा सरकारी फलकानं राखलं नसतं, असं मला वाटायचं.

अर्चनाचं एक सांगायला हवं. तिला दोनदा दिवस गेले आणि दोनदा पोटातच संपलं. दुसऱ्या खेपेनंतर ती बोलायचीच बंद झाली. काम करायची, भाकरी थापायची, धारा काढायची, पण बाई घरात आहे की नाही हे कळायचं नाही. उन्हं उतरली की वरच्या बांधाला निघून जायची. आत्या म्हणायच्या, तिकडं कामून जाती गं? ती म्हणायची, कडबा आणायला. कडबा तर खालच्या रानात होता. मला आपला संशय. मोबाइलवर माहेरी आमची गाऱ्हाणी सांगत असेल, नाहीतर आणखी काही. एकदा मी तिच्या मागं मागं गेले. ती विहिरीपासून थोडी लांब, गुडघ्याला मिठी मारून बसली होती. समोर काठावर ते दोघं. ते मान हलवत होते आणि ती त्यांच्याकडं बघत होती. फोन घरी चुलीजवळ चार्जिंगला लावलेला मी निघताना बघितलाच होता. मी पाय न वाजवता परत आले.

मग ती सुगी आली, दोन वर्षांपूर्वीची. अर्चनाला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. आम्ही घरातल्यांशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. आत्या तिला उंबऱ्यावर बसू द्यायच्या नाहीत, तिन्हीसांजेला अंगणात येऊ द्यायच्या नाहीत. आणि नेमकी त्याच वेळी माळावर एक जीप आली.

जीपमधून एक तरुण बाई उतरल्या. डोक्यावर टोपी, गळ्यात दुर्बीण, पायात बूट. गावानं लगेच त्यांचं नाव मॅडम ठेवलं. माळावर पवनचक्क्या येणार होत्या आणि त्या उभ्या करायच्या आधी इथं कोणती पाखरं राहतात, कुठं अंडी घालतात, हे बघून मॅडम त्यांच्या राखणीचा आराखडा करणार होत्या. कंपनीला बाहेरून पैसा मिळतो, तो देणाऱ्यांची तशी अट आहे, असं कळलं. मला हे काही केल्या पटेना. माणसाच्या रस्त्याचा, पाण्याचा आराखडा कुणी करत नाही आणि पाखरांचा करायला जीप पाठवतात? काहीतरी काळंबेरं असणार.

गावानं मात्र मॅडमला आधी भरभरून सांगितलं. टिटवी कुठं अंडी घालते, तितर कुठल्या काट्यात बसतात, चंडोल कधी गातो. आमच्या शेजारच्या रानाचे गफूरभाई तर त्यांना स्वतः चहा पाजून माळ दाखवत फिरले. मग एक दिवस आमच्या खळ्यावर बसून मॅडमनी विचारलं, इकडं घुबडं आहेत का? जुन्या विहिरीत, बिळात, झाडाच्या ढोलीत?

एवढा वेळ बोलणारी माणसं अशी गप्प झाली की मॅडमना वाटलं असेल, आपलं काही चुकलं. चुकलंच होतं. एक तर असं धडधडीत नाव घेतलं, तेही आमच्या खळ्यावर, अर्चना तिथं कणसं खुडत बसलेली असताना. दुसरं, दिवाळीच्या आधी असलीच विचारपूस करत फिरणारी माणसं असतात. कुणाला ते काळ्या विद्येसाठी हवं असतं, कुणाला मांडूळ हवं असतं, आणि पकडापकडी झाली की पोलीस गावाच्या मागं. तिसरं, पाखरू सापडलं की वनखातं जमीन काढून घेतं, अशी एक बातमी कुणीतरी पसरवून ठेवली होती. आणि चौथी मी. माझं म्हणणं, एवढ्या शिकलेल्या बाईला घुबडात काय रस? गफूरभाईंनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, नक्को बाबा, आपल्या इकडं तसलं काही नाही. दीर म्हणाले, न्हाय. आत्यांनी तोंडाला पदर लावला. मॅडम माझ्याकडं वळल्या. म्हणाल्या, तुम्ही शिक्षिका आहात, तुम्ही तरी सांगा. मी म्हटलं, आमच्या पुस्तकात चित्र आहे बघा. सगळे हसले. मॅडमही हसल्या आणि पुढच्या रानाकडं गेल्या. सगळ्या गावात त्यांना तेच उत्तर मिळालं. त्या दिवशी गाव एका मताचं होतं. असं निवडणुकीलासुद्धा होत नाही.

ज्वारी निघाली, कडब्याची बुचाडं लागली, उसाचे ट्रॅक्टर ढोकीच्या कारखान्याकडं गाणी वाजवत जायचे तेही कमी झाले. तेव्हा समाजमंदिरात बैठक झाली. कंपनीचे साहेब आले होते, मॅडम होत्या, भिंतीवर मोठा नकाशा लावला होता. पवनचक्कीचं एक पातं आणायला जो ट्रेलर लागतो तो इतका लांब, की साध्या रस्त्यानं तो वळतच नाही. त्यासाठी नवा रुंद रस्ता हवा आणि त्याचं वळण आमच्या वरच्या बांधाला येणार होतं. मॅडमनी नकाशावर हिरवे डाग दाखवले. इथं टिटव्या, इथलं गवत ठेवायचं. इथं तितर, हे काटवन तोडायचं नाही. मग त्यांचं बोट आमच्या बांधावर आलं. म्हणाल्या, ही विहीर कोरडी आहे, इथं काहीच नाही, आम्ही सगळ्यांना विचारलं. साहेब म्हणाले, उद्या मुरूम टाकून ती बुजवून घेऊ.

त्या वेळी त्या विहिरीत पिलं होती. बैठकीतल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं, कारण पाव्हणे भर दिवसा तोंडात उंदीर धरून आत जाताना सगळ्यांनी बघितले होते. पिलं असली की ते ऊन बघत नाहीत. मी एकेका तोंडाकडं बघितलं. गफूरभाई चपलेनं फरशी घासत होते. दीर नकाशाकडं बघत होते, त्यांना रस्ता हवा होता. प्रत्येक जण वाट बघत होता की दुसरा कुणीतरी बोलेल. मला तर तेवढ्यातही वाटून गेलं की ही मॅडम सगळं जाणून आहे आणि आपली परीक्षा बघते आहे.

मागं बायकांत अर्चना बसली होती. ती उठून उभी राहिली.

"हायेत," ती म्हणाली. "आमच्या विहिरीत घुबडं हायेत. जोडी हाय, अन् आत पिलं हायेत."

आत्यांनी तिचा पदर धरून खाली ओढलं. ती बसली नाही. शेजारच्या दोघी-तिघी जरा सरकून बसल्या, आपल्याला लागायला नको म्हणून. साहेब आधी गोंधळले, मग ओठ दाबून हसले आणि म्हणाले, आधी नाही म्हणालात, रस्ता ठरल्यावर आहेत म्हणता, मोबदल्याचं काही बोलायचं असेल तर सरळ बोला. माझ्याहून संशयी माणूस मला आयुष्यात पहिल्यांदा भेटला होता आणि मला तो मुळीच आवडला नाही. अर्चना म्हणाली, चला, दाखवते.

दुपारच्या उन्हात सगळं गाव माळाकडं निघालं. पुढं अर्चना, तिच्या मागं मॅडम आणि साहेब, मग बरंच अंतर सोडून आम्ही. ती विहिरीच्या काठाशी गेली आणि हात लांब करून बोट दाखवलं. ते बघा, तिथं. आत भगदाडाच्या तोंडाशी एक जण आला, पांढऱ्या भुवया, पिवळे डोळे, आणि मान वर-खाली करत आमच्यावर ओरडला. मॅडम तिथंच धुळीत खाली बसल्या. पिंगळा, त्या हळूच म्हणाल्या, पिंगळ्याचं घर आहे. पुस्तकात त्याला पिंगळा म्हणत असतील, आमच्याकडं लहान-मोठं सगळं एकच. साहेबांनी फोटो काढले. गाव मात्र विहिरीकडं बघत नव्हतं. एवढी माणसं उभी होती आणि सगळी पळसाची फुलं बघत होती.

रस्त्याला बाक दिला. विहिरीभोवतीची जागा सोडली, बाभळ राहिली. पिलांच्या दिवसांत तिथं मोठी मशीन आणायची नाही, आजूबाजूच्या रानात उंदराचं औषध टाकायचं नाही, असं आराखड्यात आलं. औषधाचं ऐकून गफूरभाई म्हणाले, आता उंदीर पण त्यांचेच का? मॅडमनी समजावलं की औषध खाल्लेला उंदीर पिंगळ्यानं खाल्ला तर पिंगळाही मरतो. आणि एक अट होती. दर सुगीला मॅडम येणार, गावाला विचारणार, जागा बघणार. पाखरं राहती असतील तोवर ही जागा राखीव. निघून गेली तर विहीर बुजवून रस्ता सरळ करायला कंपनी मोकळी. ही अट ऐकल्यापासून माझ्या डोक्यात भुंगा लागला. पाखरं उठवणं काय अवघड आहे? एक फटाका पुरे. कितीतरी दिवस मी गावाकडं गेले की आधी विहिरीच्या काठाला फटाक्याचा कागद पडलाय का ते बघायची.

घरात त्याहून वाईट होतं. दीर तिच्याशी तुटक बोलायचे. आत्यांनी तर बोलणंच टाकलं. जेवायला वाढून ठेवायच्या, तिच्यावरून लिंबू-मीठ उतरून टाकायच्या, अंगारा लावायच्या, पण तोंडातून शब्द नाही. रागावलेल्या होत्या की घाबरलेल्या, मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी तिकडं कळंबला. गावाकडून फोन आला की उचलायच्या आधी मी घड्याळ बघायची, अवेळी तर नाही ना म्हणून. मी पोरांना शास्त्र शिकवणारी बाई, पण त्या महिन्यांत तिचे पाय सुजले तर मला विहीर आठवायची, रक्त कमी भरलं तर विहीर आठवायची.

त्यात कंपनीनं बांधावर फलक लावला. दाराएवढा. त्यावर पिंगळ्याचं चित्र आणि खाली हातभर अक्षरात, घुबड संवर्धन क्षेत्र. जे नाव आज्या-पणज्यांनी तोंडातून काढलं नाही ते आता रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यात घुसत होतं. बाया तिथून जाताना पदर आडवा धरायच्या. आठवडाभरात त्या फलकावर कुणीतरी गोणपाट बांधलं. दिरांनी सोडलं, पुन्हा बांधलेलं. गाठ बघितल्यावर मला संशय आला, कारण तशी गाठ आमच्या घरात एकच माणूस मारतं. मी आत्यांकडं बघितलं. आत्या शेंगा फोडत बसल्या होत्या आणि त्यांनी मान काही वर केली नाही.

अर्चना दिवस भरायच्या आधीच अडली. धाराशिवला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं, मुलगी झाली. एवढीशी, माझ्या दोन तळहातांत मावेल अशी. काचेच्या पेटीत ठेवली. बाहेर बाकावर आत्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, नाव घेतलं ना तिनं. मी त्यांना काहीतरी शहाणपणाचं सांगायला हवं होतं, कमी दिवसांची बाळं अशीच असतात वगैरे. ते सगळं मला ठाऊक होतं. पण माझ्या मनातही तेच चाललं होतं, म्हणून मी त्यांचा हात धरून बसले.

पोर जगली. घरी आली, दूध ओढायला लागली, बाळसं धरलं. तरी ती शिंकली की सगळ्यांची तोंडं माळाकडं वळायची. गेल्या सुगीला मॅडम आल्या, विचारलं, आणि पुन्हा गाव मुकं झालं. अर्चनानंच सांगितलं, कडेवर पोर घेऊन. त्यानंतर पोरीला ताप आला. कुणाही लेकराला येतो तसाच, दोन दिवसांत उतरलाही. पण ते दोन दिवस आत्या तिच्यावरून लिंबू-मीठ उतरत राहिल्या.

मला या सगळ्यात अर्चनाचा फार संशय होता. मला वाटायचं, दोन लेकरं गेल्यावर हिचा कशावरच विश्वास राहिला नसेल. ज्याला काही गमवायचं भय नाही त्याला नाव घ्यायला काय जातंय? कधी वाटायचं, आत्यांवरचा राग काढला. पोरीचा ताप उतरल्यावर ती तिला मांडीवर घेऊन थोपटत बसली होती तेव्हा मी विचारूनच टाकलं. म्हटलं, तू हे असलं काही मानत नाहीस ना?

"मानते की," ती म्हणाली. "तुमच्याहून जास्त मानते, अक्का. पण तिची पिलं होती आत. माझं पोटात, तिचं तिच्या बिळात. तिच्या लेकरांवर मुरूम पडू दिला असता तर मी माझं लेकरू कुठल्या तोंडानं मागितलं असतं?"

मला रडू आलं आणि ते मी शिंकेवर घातलं. त्या दिवसापासून मी तिच्यावर संशय घ्यायचा सोडला. बाकी सगळ्यांवर घेते.

आणि परवाचा रविवार. ज्वारी उपटून पडली आहे, कणसं खुडायचं चाललं आहे. अर्चना आणि दीर पोरीला सुई टोचायला कळंबला गेले होते. खळ्यावर आत्या, मी, गफूरभाई आणि दोन-तीन बाया. मॅडम आल्या, सोबत कंपनीचा एक नवा माणूस. या खेपेला त्या आधी जागाच बघून आल्या होत्या. तोंड उतरलेलं होतं. म्हणाल्या, भगदाड रिकामं आहे, कोळ्याचं जाळं धरलंय, पिसं नाहीत, काही नाही. गेले वाटतं या वर्षी? नव्या माणसानं लगेच मोबाइल काढला.

गेले नव्हते. जागा बदलली होती. विहिरीच्या खालच्या अंगाला, पिंपळाच्या मुळीमागं दुसरी फट आहे, वरून मुळीच दिसत नाही. पिलांचा बारीक आवाज तिथून येतो, मी सकाळीच ऐकला होता. सांगायचं तर एवढंच सांगायचं होतं. गफूरभाई आभाळाकडं बघायला लागले. बाया खाली मान घालून खुडायला लागल्या. मॅडम माझ्याकडं बघत होत्या, आणि मी तोंड उघडलं. माझी लेक पुण्यात आहे. तिला पाचवा महिना लागला आहे. हे मॅडमना ठाऊक नव्हतं, पण खळ्यावर बाकी सगळ्यांना ठाऊक होतं. मी एवढी शिकलेली, चारचौघांत माझा कशाकशावर विश्वास नाही म्हणून सांगणारी. उघडलेलं तोंड मी मिटलं आणि पुढ्यातलं कणीस खुडायला घेतलं. नव्या माणसाचा फोन लागला होता. हॅलो सर, तो म्हणाला.

माझ्या शेजारून आत्या उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. डोक्यावरचा पदर सारखा केला. त्या फोनवाल्याला त्यांनी हातानंच थांब म्हटलं.

"हायेत," आत्या म्हणाल्या. "घुबडं हायेत. खालच्या फटीत गेलेत, पिंपळाच्या मुळीमागं. पिलं हायेत. चला, म्या दाखविते."

मॅडम धावतच निघाल्या. आत्या त्यांच्या मागं दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. मी हात द्यायला पुढं झाले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. मला म्हणाल्या, तू हितंच थांब. मग मॅडमना हाक मारली.

"ओ बाई, दर साली मलाच इचारीत जा. मी मेले तर दुसरी कुणी म्हातारी हुडका. पोरीबाळींना नका इचारू. त्यांना अजून लेकरं वाढवायची हायेत."

आणि त्या बांधाकडं चालायला लागल्या.